करंगळीने ऐकलेलं छत

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा. उजवं कोपर दुमडा आणि डाव्या हाताच्या बोटांनी कोपराच्या आतल्या, म्हणजे अंगाकडच्या बाजूला हाडाचा उंचवटा शोधा. सापडला? त्याच्या आणि कोपराच्या टोकाच्या मध्ये एक खोबण लागेल. तिच्यात बोट हळूच फिरवा. अगदी हळूच. बोटाखालून एखादी गुळगुळीत दोरी सरकल्यासारखं वाटेल. तिला फार छळू नका. त्या दोरीमुळे एका खाणीत काय घडलं, ते मी सांगणार आहे. गोष्ट हसण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता कल्पना करा. तुम्ही मोठे झालात, तुमचीही मुलं शाळेत जायला लागलीत, असा काळ आहे. चंद्रपूरकडे, काळ्या मातीच्या खाली खूप खोल, भामटेकची कोळशाची खाण आहे. तिच्यात कोळसा फोडायला माणसं उतरत नाहीत, ते काम यंत्रं करतात. पण तार जळाली, पंप अडकला, की दुरुस्तीला अजूनही माणूसच लागतो. सातवीतल्या संघमित्राची आई, करुणा दुर्गे, हेच काम करायची. संघमित्राला सगळे मित्रा म्हणत. तिचे बाबा, यशपाल दुर्गे, खाणीच्या वर नियंत्रण कक्षात बसून 'खेकडा' चालवायचे.

खेकडा म्हणजे सहा पायांचं, दोन हातांचं चपटं यंत्र. जिथे माणसाला जाणं धोक्याचं, तिथे आधी खेकडा जायचा. बाबा वर बसून हातात स्पर्शबाही (दूरच्या यंत्राच्या हाताला जे लागतं ते माणसाच्या हाताला जाणवून देणारी बाही) घालायचे. खेकड्याच्या अंगठ्याला दगड लागला, की बाबांच्या अंगठ्याला तो लागल्यासारखा वाटायचा. खेकड्याचं मधलं बोट ओलं झालं, की बाबांचं मधलं बोट गार पडायचं.

भामटेकची एक जुनी रीत होती. माणसं खाली उतरायची त्या काळात, कामाला लागण्याआधी छत ठोकून बघत. एका हातात लोखंडी कांब, आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावलेली. सुटत आलेला दगड बारीक थरथरतो, आणि ती थरथर कानाच्या आधी बोटाला कळते. इतर खाणींत कोणतंही बोट चालायचं. भामटेकला मात्र करंगळीच लावायची. फावडं धरून बाकीची बोटं जाड होतात, करंगळीची कातडी मऊ राहते, असं तिथले लोक सांगत. करंगळीला थरथर लागली की म्हणत, "छत बोललं." आणि छत बोललं की कोणी त्याच्याखाली पाऊल टाकत नसे.

यशपाल दुर्गे तरुणपणी खाली उतरले होते. आता ते खुर्चीवर बसत, तरी बसायची तऱ्हा खाणीतलीच होती. उजवं कोपर खुर्चीच्या लोखंडी हातावर रोवायचं, हात घट्ट दुमडायचा, पंजा वर. जणू डोक्यावर छत आहेच. त्यांचं बघून भामटेकचे सगळे चालक तसेच बसायला शिकले होते.

त्या दिवशी सकाळी खाणीच्या दक्षिण बोगद्यात छत कोसळलं. ढिगाऱ्याच्या पलीकडे, एका लहानशा पोकळीत, दोन माणसं अडकली. एक मित्राची आई, आणि दुसरे तिचे कामातले जोडीदार हेमराज बावणे.

मित्राला शाळेत कळलं. ती सायकल टाकून धावत आली आणि नियंत्रण कक्षाच्या लोखंडी दारातून आत घुसताना तिचं कोपर दाराच्या कडीवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. करंगळीत वीज शिरावी तसं झालं. मार लागला होता कोपराला, आणि कळवळली करंगळी. पण त्या क्षणी मित्राला त्याचा विचार करायला सवड नव्हती.

कक्षात भिंतीवरच्या भोंग्यातून फक्त एक आवाज येत होता. टक्. टक्. टक्. टक्. आत अडकलेली माणसं पाण्याच्या पाइपवर ठोकत होती. एक ठोका जड, एक हलका. जड हेमराजकाकांचा, हलका आईचा.

पाळीच्या प्रमुख नंदेश्वर मॅडम बाबांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "यशपालभाऊ, जवळची वाट आहे ना? ढिगाऱ्याच्या डावीकडची?"

"आहे. खेकडा तिथंच उभा आहे, छताला बोटं लावून."

"थरथर मोजणारं यंत्र काय म्हणतं छताबद्दल?"

"यंत्र म्हणतं, सांगता येत नाही. पंप चालू आहेत, त्यांची थरथर मिसळते." बाबा थांबले. "पण माझी करंगळी सांगते. छत बोलतंय, मॅडम. सकाळपासून बोलतंय."

भामटेकचा नियम होता, की यंत्राला खात्री नसेल तर चालकाच्या हाताचं ऐकायचं. आणि यशपाल दुर्गेंच्या हातापेक्षा भरवशाचा हात त्या खाणीत दुसरा नव्हता.

"आत करुणा आहे, भाऊ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"म्हणूनच तर. माझी बायको आत आहे म्हणून दुसऱ्यांची लेकरं बोलत्या छताखाली घालू काय?"

बचाव पथकाला लांबच्या वाटेने जायला सांगितलं. तो बोगदा जुना होता, पाण्याने भरलेला. पाणी उपसून पलीकडे पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. मग मॅडम फोनवर कोणालातरी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोकळीतली हवा आज संध्याकाळपर्यंत पुरली तर पुरली." त्यांना वाटलं, मित्राने ऐकलं नाही. मित्राने ऐकलं होतं.

मडावीकाका म्हणून एक चालक नुकतेच पाळीवर आले होते. त्यांनी मित्राचा खांदा धरून तिला बाहेर आणलं. "जा बाई, कोपर दाखवून ये. इथं उभं राहून काय होणार आहे?"

कक्षाला लागूनच दवाखाना होता, मध्ये फक्त काचेची भिंत. दवाखान्याबाहेरच्या बाकावर हेमराजकाकांची बायको, सुगंधाकाकू, बसली होती. तिने मित्राकडे पाहिलं, पण ओळखल्यासारखं केलं नाही.

दवाखान्यात मलमदादा होता. हा यंत्रमानव. त्याचं खरं नाव लांबलचक आणि आकड्यांचं होतं. पण तो जखमांना मलम लावायचा, म्हणून कामगारांनी त्याला मलमदादा करून टाकलं होतं.

"नाव?" त्याने विचारलं.

"तुला माहितेय माझं नाव."

"माहितेय. पण डोक्याला मार नाही ना, ते बघायला विचारावं लागतं."

"डोक्याला नाही, कोपराला लागलंय."

"मग डोकं जाग्यावर आहे. हात दे."

त्याने कोपर बघितलं, गार पट्टी ठेवली. मित्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "कोपराला लागलं तर करंगळी का झिणझिणली?" खरं तर तिला दुसऱ्या कशाबद्दलतरी बोलायचं होतं, आईबद्दल सोडून काहीही.

"चांगला प्रश्न आहे. रडणं थांबवायची गरज नाही, दोन्ही एकदम करता येतं," मलमदादा म्हणाला. "ती दोरी बघ."

दवाखान्यात तीन खाटा होत्या. वीज गेली तरी रोग्याला हाक मारता यावी म्हणून प्रत्येक खाटेपासून एक दोरी भिंतीवरून निघून दाराजवळच्या घंटेपर्यंत गेली होती. दोरी ओढली, की घंटा वाजायची आणि त्या खाटेच्या आकड्याची पाटी खाली पडायची.

"तिसऱ्या खाटेची दोरी खिडकीपाशी, मध्येच ओढ."

मित्राने ओढली. घंटा वाजली, तीनची पाटी पडली. मलमदादा गरकन वळला, चाकांवर घरंगळत रिकाम्या तिसऱ्या खाटेपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "काय पाहिजे काका? पाणी देऊ? उशी देऊ?"

"अरे, तिथं कोणी नाहीये! दोरी मी ओढली, इथून!"

"मला काय ठाऊक? पाटी तीनची पडली. दोरी टोकाला ओढली की मध्ये, हे पाटीला कळत नाही. पाटी एवढंच सांगते, की दोरी कोणती."

मित्रा दोरीकडे बघत राहिली.

"तुझा मेंदूही असाच," मलमदादा परत येत म्हणाला. "तो कवटीच्या काळोखात बसलेला असतो. करंगळीपर्यंत तो कधी गेलेला नाही. त्याच्याकडे फक्त दोऱ्या येतात. त्यांना चेता म्हणतात (चेता म्हणजे शरीर आणि मेंदू यांच्यात निरोप ने-आण करणाऱ्या बारीक तंतूंचा जुडगा). करंगळीची चेता मानेतून निघते, काखेतून दंडाच्या आतल्या बाजूने खाली येते, कोपरामागच्या खोबणीतून जाते आणि मग पुढे करंगळीत. जन्मापासून या चेतेवरून जेवढे निरोप आले, ते बहुतेक हाताच्या त्या टोकाकडूनच आले. म्हणून या चेतेवर काहीही वाजलं, की मेंदू म्हणतो, करंगळीला काहीतरी झालं."

"पण कोपरालाच का? दंड आपटला तर असं होत नाही."

"दंडात चेता मांसात लपलेली असते. कोपरापाशी तिच्या एका बाजूला हाड आणि दुसऱ्या बाजूला नुसती कातडी. मधे गादी नाहीच. कडी लागली तेव्हा ती कडी आणि हाड यांच्यात चिमटली गेली. आता एरवी काय होतं, की गार लागलं तर गारव्याचे तंतू निरोप देतात, टोचलं तर टोचल्याचे. चिमटल्यावर सगळे एकदम ओरडतात. गार, गरम, स्पर्श, दुखणं, सगळा कालवा. मेंदूला त्याचा अर्थच लागत नाही. त्या अर्थ न लागलेल्या कालव्याला आपण झिणझिण्या म्हणतो."

काचेपलीकडून भोंग्याचा आवाज येत होता. टक्. टक्. मित्राने तिकडे पाठ केली.

"आता नीट आठवून सांग. झिणझिण्या कुठे कुठे आल्या?"

मित्राने डोळे मिटले. "करंगळीत. आणि तिच्या शेजारच्या बोटात. नाही. त्याच्या अर्ध्याच भागात. करंगळीकडच्या."

"शाब्बास. बहुतेक सगळ्या माणसांत तसंच असतं. अनामिकेचा (करंगळीशेजारच्या बोटाचा) उरलेला अर्धा भाग दुसऱ्या चेतेकडे असतो. एकाच बोटाच्या मधोमध हद्द. बाहेरून बघणाऱ्याला दिसतही नाही."

"आणि आपटलंच पाहिजे का? न आपटता नाही होत?"

"होतं ना. कोपर बराच वेळ घट्ट दुमडून ठेवलं, तर चेता खोबणीत ताणली जाते. त्यात कोपर कशावर टेकून भार दिला, तर दाबलीही जाते. तिला रक्त कमी पोचतं आणि ती कुरकुरायला लागते. बोटाला कशाने स्पर्शही केलेला नसतो, आणि तरी मेंदूकडे निरोप जातात."

नेमकं तेव्हाच काचेपलीकडे नंदेश्वर मॅडमनी विचारलं, "भाऊ, अजून बोलतंय का छत?"

आणि बाबा म्हणाले, "हाव. करंगळी, अन् शेजारचं अर्धं बोट. मघापेक्षा वाढलंय."

मित्रा वळली. काचेतून बाबा पाठमोरे दिसत होते. उजवं कोपर लोखंडी हातावर रोवलेलं. हात घट्ट दुमडलेला. पंजा वर.

ती उठलीच. मलमदादाने तिची बाही धरली.

"सोड! ते छत नाहीये! ते बाबांचं कोपर आहे!"

"असेल. मलाही तसंच वाटतं. पण एक सांग, तुला हे खरं असायला हवंय ना?"

"हो! हवंयच!"

"मग म्हणूनच थांब. उत्तर जेवढं हवंहवंसं, तेवढं ते जास्त कडक तपासायचं. तू बरोबर असलीस तर आई बाहेर येईल. चुकलीस तर पथकातली चार माणसं आत जातील आणि छत त्यांच्यावर बसेल. नुसतं 'मला वाटतं' म्हणून कक्षात जाऊ नकोस."

"मग कसं तपासायचं? वेळ नाहीये!"

"असं काहीतरी शोध, की तू चुकत असशील तर लगेच उघडं पडेल."

मित्रा थांबली. भोंगा वाजत होता. टक्. मग शांतता. मग पुन्हा टक्. हलका ठोका. तिने जड ठोक्याची वाट पाहिली. तो आला नाही. बाहेरच्या बाकावर सुगंधाकाकू उठून उभी राहिली होती.

मित्राने स्वतःशीच पुटपुटत विचार केला. झिणझिण्या छतातून येत असतील, तर त्या खेकड्याच्या बोटातून येतायत. म्हणजे खेकड्याचं बोट छतावरून काढलं तर त्या थांबायला हव्यात. न थांबल्या तर?

"अंगठा!" ती म्हणाली आणि धावली.

कक्षाच्या दारातच मडावीकाकांनी तिला अडवलं. तिने धापा टाकत सांगितलं. त्यांनी हात झटकला. "बाप्पा! यशपालभाऊच्या बोटाला आता सातवीतली पोट्टी शिकवणार काय?"

"मित्रा, बाहेर जा," बाबा मागे न बघता म्हणाले. त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता असा होता.

मित्रा गेली नाही. तिने विचारलं, "बाबा, छताला अर्धं बोट कळतं का?"

"काय?"

"खेकड्याची पाची बोटं छताला लागलीयत. छत थरथरलं तर अख्खं बोट थरथरेल ना? तुमच्या शेजारच्या बोटाचा अर्धाच भाग का झिणझिणतो? माझाही तेवढाच झिणझिणला. दारावर कोपर आपटलं तेव्हा."

बाबांनी आपल्या अनामिकेकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

मग मित्राने सगळं सांगितलं. दोरी, पाटी, खोबण. भरभर सांगितलं, पण गाळलं काही नाही. शेवटी म्हणाली, "मी चुकत असेन. म्हणून बघायचंय. खेकड्याचा फक्त अंगठा छताला ठेवा. बाकीची बोटं हवेत. झिणझिण्या छतातून येत असतील, तर त्या करंगळीतून जातील आणि अंगठ्यात येतील. तसं झालं तर मी बाहेर जाऊन बसते."

नंदेश्वर मॅडम म्हणाल्या, "करा, भाऊ."

पडद्यावर खेकड्याचा हात दिसत होता. एकेक बोट छतावरून सुटलं. शेवटी अंगठा तेवढा उरला. करंगळी काळोखात, हवेत, कशालाच न लागलेली.

कक्षात सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

"अंगठ्यात काही नाही," बाबा म्हणाले. "करंगळी अजून झिणझिणतेय."

मडावीकाकांनी कपाळाला हात लावला.

"हात सरळ करा, बाबा. कोपर उचला लोखंडावरून."

बाबांनी हात सरळ केला. तो सरळ होताना त्यांना दुखलं, ते दिसलं. हळूहळू, एखादी घागर रिकामी होत जावी तशा झिणझिण्या उतरायला लागल्या. ते नुसते बोटांकडे बघत बसले आणि म्हणाले, "मला वाटलं होतं... ती आत आहे म्हणून माझं मन छत चांगलंच म्हणेल. मनाचं ऐकायचं नाही असं मी ठरवलं. बोटाचं ऐकलं."

पण त्यांनी तेवढ्यावर हो म्हटलं नाही. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी तेव्हा केली. स्पर्शबाही काढून मडावीकाकांना दिली. "माझी करंगळी चुकली म्हणजे छत चांगलं आहे, असं होत नाही. तू ऐक. तुझा हात ताजा आहे. कोपर कुठं टेकू नको. पंप थोडा वेळ बंद करा, मॅडम."

पंप बंद झाले. खेकड्याने एका हाताने कांब उचलून छतावर ठोकली, दुसऱ्या हाताची बोटं छताला लावली. एकदा, दुसऱ्यांदा, थोडं सरकून तिसऱ्यांदा. मडावीकाका डोळे मिटून बसले होते. मग यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली: स्थिर. पंपाचा गोंधळ थांबल्यावर त्यालाही आता सांगता येत होतं.

"घट्ट आहे," मडावीकाका म्हणाले. "एकदम घट्ट आहे, भाऊ."

सकाळीच पंप बंद करून का बघितलं नाही, असं तुम्ही विचाराल. पंप थांबवले तर पाणी चढतं, म्हणून ते सहसा थांबवत नाहीत. आणि ज्या हातावर सगळ्यांचा भरवसा, तो हात आधीच बोलून बसला होता. मग दुसरं काही करून बघावं असं कोणाला सुचलंच नाही.

मॅडमनी पथकाला परत बोलावलं. चार माणसं, सोबत टेकू देण्याचे खांब, जवळच्या वाटेने आत गेली. छत हललं नाही. त्यांनी ढिगारा उपसला आणि सूर्य मावळायच्या आत ती माणसं पोकळीपाशी पोचली.

मित्राची आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काळा होता, ओठ निळे पडले होते, आणि तिच्या मुठीत पाना होता. ज्याने ती पाइपवर ठोकत होती, तो पाना. मूठ उघडायला दोन माणसं लागली. रुग्णवाहिकेत चढवताना तिने मित्राकडे पाहिलं आणि तिला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, जगेल.

हेमराजकाकांना त्यानंतर आणलं. त्यांच्यावर चादर घातलेली होती.

बाबा आईबरोबर इस्पितळात गेले नाहीत. ते कक्षाच्या पायरीवर बसून राहिले. मावशी आली आणि आईबरोबर गेली. मित्राने बाबांना हाक मारली, त्यांनी नुसता हात वर केला. ती दवाखान्यात गेली.

"मलमदादा, बाबा खोटं बोलले नाहीत ना?"

"नाही. त्यांच्या करंगळीनेही खोटं सांगितलं नाही. चेतेवर खरंच वाजत होतं. कुठून वाजतंय, त्याचा अंदाज तेवढा चुकला. आणि त्यांचा हात एखाद्या डॉक्टरला दाखवायला हवा. वेळेवर कोपराला विश्रांती मिळाली तर ही चेता बरी होते. तसंच दामटत राहिलं तर एक दिवस बोटं वस्तू धरेनाशी होतात."

मग मित्राने तो प्रश्न विचारला. "सकाळीच गेले असते, तर काका वाचले असते का?"

"मला माहीत नाही, मित्रा. त्यांच्या छातीला मार होता. कदाचित वाचले असते. कदाचित सकाळीही उशीरच झाला असता. यातलं एक निवडून तुला बरं वाटेल असं सांगता येईल मला. पण ते खरं आहे की नाही, हे मला ठाऊक नाही."

मित्रा बाहेर आली. सुगंधाकाकू बाकावर होती. आता तिच्याभोवती बायका जमल्या होत्या. मित्रा जवळ आली तशी काकूने मान वर केली.

"तुझ्या बापाने का अडवून धरलं गं?"

बायकांतली एक म्हणाली, "जाऊ दे सुगंधा, पोर आहे ती." मित्रालाही वाटलं, पळून जावं. किंवा म्हणावं, की लवकर जाऊनही काही झालं नसतं. ते म्हणणं किती सोपं होतं.

ती काकूच्या पायाशी जमिनीवर बसली. "बाबांची चूक झाली, काकू. ती कशी झाली ते मला माहीत आहे. सांगू?"

काकू हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मित्राने सांगितलं. मलमदादाने जसं सांगितलं होतं तसं, पण सावकाश. काकूचाच हात हातात घेऊन, कोपर दुमडून, खोबण दाखवून. जिथे काकूला समजलं नाही तिथे पुन्हा सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "आधी गेले असते तर काका वाचले असते का, ते मला माहीत नाही. मलमदादालाही माहीत नाही."

काकूने हात काढून घेतला. तिने स्वतःचं कोपर दुसऱ्या हाताने धरलं. मग तिचा आवाज फुटला, कोरडा, रागाचा. "हे मला सांगून काय करू मी? माझं माणूस गेलं. त्या खुर्च्यांवर रोज बसतात ना, त्यांना जाऊन सांग. त्यांना कोणी सांगितलं काय?"

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. काचेपलीकडे दिवे लागले होते. खाली बोगद्याला आणखी टेकू द्यायचे होते, म्हणून नवी पाळी कामावर आली होती. खेकड्यांच्या खुर्च्या ओळीने भरल्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीवर एक कोपर लोखंडी हातावर रोवलेलं, एक हात घट्ट दुमडलेला, एक पंजा वर.

मित्रा उठली. पायरीवर बसलेल्या बाबांपाशी गेली, आणि त्यांचा डावा हात धरून त्यांना उठवलं. त्यांना उठायचं नव्हतं. तिने सोडलं नाही. दोघं आत गेली. मित्रा पहिल्या खुर्चीपाशी थांबली, तिथल्या माणसाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "काका, जरा हात सरळ करा. माझ्या बाबांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ते अडखळले, तर पुढचं मी सांगते."